बिबीच्या मक्याची राखण

आमच्या गावाबाहेरचा मका आता माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. र्युसेल्सहाइमची शेवटची घरं संपली की सायकलचा रस्ता मक्यात शिरतो, आणि मग डावीकडे मका, उजवीकडे मका, वर आकाशाची अरुंद पट्टी आणि पुढे तुमचे आजोबा. आजोबा पुढेच असतात, कारण मी मागे राहते. सप्टेंबर लागला की या रस्त्यावर मला सायकलवर बसवत नाही, उतरून ती हातात धरून चालावं लागतं. गुडघ्यांचा काही दोष नाही. मक्याच्या पानांवरून वारा गेला की खरखर होते, कोऱ्या साडीची घडी मोडताना होते तशी, आणि ती ऐकली की माझी मान आपोआप वळते. आवाज कुठून आला, किती ताटं हलली, ती वाऱ्याने हलली की कुणी आत शिरलंय, हे पाहिल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही.

"अगं, चल," आजोबा पुढून ओरडतात. "इथे माकडं नाहीत. इथे नुसते जर्मन आहेत."

इथला हा मका माणसं खात नाहीत. तो गाईंसाठी असतो, नाहीतर गॅस करायला. एका दुपारी घराएवढं यंत्र येतं आणि उभं शेत पानांसकट, कणसांसकट बारीक करून शेजारच्या ट्रॉलीत फवारत जातं. संध्याकाळपर्यंत तिथे नुसते खुंट उरतात आणि हवेत मुरघासाचा, मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, आंबूस, गोडसर वास. दरवर्षी मी कडेला उभी राहून ते बघते. वाईट वाटतं असं नाही. पण एखादं कणीस ट्रॉलीबाहेर पडलेलं दिसलं तर मी ते उचलून पिशवीत टाकते, आणि घरी आल्यावर आजोबा विचारतात, "आता हे काय गाईला देणार आहेस?"

सई, ओम, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही पुण्यात आणि आजी जर्मनीत, हे आपल्या घरातलं उलटंच प्रकरण. लोकांच्या आज्या पुण्यात असतात आणि नातवंडं इकडे. तुमच्या बाबाची गेर्लिंगेनच्या कंपनीतली नोकरी पुण्याला गेली, तिच्या मागोमाग तुम्ही गेलात, आणि आम्ही दोघं म्हातारे इथेच राहिलो, आमच्या बाल्कनीतल्या टोमॅटोंसकट. इथे होतात तेव्हा मी मराठीत विचारायचे आणि सई जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आता फोनवर माझ्याच मराठीतल्या चुका काढते. तर गेल्या रविवारी सईने शाळेतल्या कुठल्याशा प्रकल्पासाठी मला विचारलं, "आजी, तू आफ्रिकेत गेली होतीस ना? किती मुलांना वाचवलंस?"

मी म्हटलं, "बाळा, मी तिथे मका राखला."

तिने फोन लांब धरला, "आई, आजी जोक करतेय."

जोक नाही गं. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून हे सावकाश लिहायला बसले.

तेव्हा मी नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. संध्याकाळच्या वर्गांत मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचं, असं माझं सगळं आयुष्य या गावात गेलं. त्या वर्गांत हानेलोरे नावाची एक बाई वर्षानुवर्षं येत असे. ती सुईण होती, अर्ध्या गावाला तिने जगात आणलं होतं, पण इंग्रजीतला भूतकाळ काही तिला आला नाही. तिच्या चर्चचा टांझानियातल्या एका खेड्याशी जुना संबंध होता. डोडोमाच्या पलीकडे, आत, खडकाळ टेकड्यांच्या पायथ्याशी. तिथे एक छोटा दवाखाना होता आणि एक शाळा. हानेलोरे दरवर्षी जाऊन लहान मुलांची वजनं घ्यायला, आयांना मदत करायला राहत असे. एक दिवस ती माझ्या स्वयंपाकघरात बसून, नेहमीसारखी आल्झोने, म्हणजे 'तर मग'ने, सुरुवात करत म्हणाली, "आल्झो, तू चल माझ्याबरोबर. तिथले मास्तर इंग्रजी बोलतात. मला ते येत नाही. शिकवलं कुणी? तू. मग भरपाई पण तूच कर."

आजोबा म्हणाले, "जाऊ दे तिला. आख्ख्या आफ्रिकेला रांगेत उभं करून येईल."

तशी आम्ही तिघं गेलो. हानेलोरे, मी आणि डीटर नावाचा एक निवृत्त पोस्टमन, ज्याला दवाखान्याचं छप्पर दुरुस्त करायचं होतं. जानेवारी संपत आला होता.

मी सोलापूरची. उपासमारीचा रंग माझ्या मनात तपकिरी होता, भेगाळलेल्या जमिनीचा, धुळीचा. तिथे उतरले तर सगळं हिरवं. टेकड्या हिरव्या, वाटा हिरव्या, झोपड्यांच्या भिंतीपर्यंत मका आलेला, कंबरभर, तजेलदार. आणि घराघरात कणग्या रिकाम्या. मागच्या वर्षीचा मका संपलेला, नवा अजून धरलेला नाही. इतकं हिरवं आणि इतकं उपाशी मी कधी पाहिलं नव्हतं. सगळं गाव त्या शेतांकडे बघत बसलेलं असे, जशी आपण चुलीवरच्या भांड्याकडे बघतो. पिठाची पातळ पेज, रानातला पाला, भोपळ्याची पानं. माठासारखी एक भाजी सगळीकडे उगवे. माठासारखी कसली, माठच तो. मी लसणाची फोडणी देऊन ती केली तेव्हा शेजारच्या बायका बघायला आल्या, आणि एकीने चव घेऊन मान डोलावली, म्हणजे वाया नाही गेली भाजी, असं.

"ताटातलं टाकू नका, आफ्रिकेत मुलं उपाशी आहेत," हे वाक्य मी तुम्हाला कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. सई, तू तेव्हा तीन वर्षांची होतीस आणि गाजराचा एकेक तुकडा मोजून थुंकायचीस. त्याचा तिकडच्या कुणाच्याही भुकेशी काही संबंध नव्हता.

तिथे मोठ्या माणसाला भेटलं की लहानाने 'शिकामू' म्हणायचं. म्हणजे साधारण, पाया पडते. मोठ्याने 'मराहाबा' म्हणून तो नमस्कार घ्यायचा. मला हे फार आवडलं, आपल्यासारखंच वाटलं. पहिल्या दिवशी मी उत्साहाने दिसेल त्या सुरकुतलेल्या चेहऱ्याला शिकामू घालत सुटले. बायका तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. मास्तरांनी मला बाजूला घेतलं. त्यांना सगळे म्वालिमू म्हणत, तिकडे शिक्षकाला तसंच म्हणतात. ते म्हणाले, "मॅडम, ती आत्ताची बाई तुमच्या मुलीच्या वयाची आहे. तिला वाटलं, तुम्ही तिची थट्टा करताय."

उन्हाने आणि कामाने तिथे बायका लवकर म्हाताऱ्या दिसत, आणि मी क्रीम लावून गेलेली.

फक्त एका बाईपाशी हे कोडं सुटलं नाही. तिला सगळे बिबी म्हणत. बिबी म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. तिला तिचं वय ठाऊक नव्हतं आणि माझं पांढरं डोकं तिला कोड्यात टाकत होतं. आम्ही समोरासमोर आलो की मी म्हणे शिकामू, ती म्हणे शिकामू, आणि मराहाबा कुणीच म्हणेना. दोघी एकमेकींना मोठेपणा देऊन तशाच उभ्या. म्वालिमू हसून म्हणत, "तुमचं ठरलं की मला सांगा, मी शाळेत जाऊन येतो."

बिबीच्या पाठीवर कापडात बांधलेली तिची नात असे, रेहेमा. तीन वर्षांची. तिची आई दूर शहरात कुणाच्या तरी घरी मुलं सांभाळायला राहिली होती. घरात या दोघीच. रेहेमा रडत नसे, हसतही नसे. बिबीच्या खांद्यावरून दोन मोठे डोळे बघत, पण कशाकडेच नाही.

आंब्याच्या झाडाखाली वजनं होत. फांदीला काटा टांगलेला आणि मुलांना कापडी चड्डीत घालून त्याला अडकवायचं. मी पहिल्याच आठवड्यात नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या होत्या, जर्मन कचेरीत देतात तशा. आया चिठ्ठ्या आदराने घेत, पदराच्या गाठीत बांधत, आणि मग आपापल्या बहिणी-मैत्रिणींच्या शेजारी जाऊन बसत. हानेलोरे मुलाच्या दंडाभोवती रंगीत पट्टी गुंडाळून बघे. हिरव्यावर थांबली तर ठीक, पिवळ्यावर थांबली तर काळजी. रेहेमाच्या दंडावर पट्टी लालावर थांबली. मग हानेलोरेने तिच्या पावलावर अंगठा दाबून ठेवला आणि उचलला. तिथे खळगा पडला होता. कणकेत बोट रुतवल्यासारखा तो तसाच राहिला, भरून येईना.

हानेलोरे हळू आवाजात म्हणाली, "आजच्या आज मोठ्या दवाखान्यात. तिला सांग. आज."

ती जर्मनमध्ये बोले, मी ते इंग्रजीत म्वालिमूंना सांगे, म्वालिमू स्वाहिलीत बिबीला. मग बिबीचं उत्तर त्याच वाटेने परत येई. एवढ्या लांबच्या रस्त्याने रागसुद्धा थकून जातो. पण त्या दिवशी तो थकला नाही.

बिबीने विचारलं, "किती दिवस?"

"तीनेक आठवडे तरी. तुला बरोबर राहावं लागेल, तिला पाजायला."

"आणि माझा मका? तो कोण बघणार, डॉक्टर?"

मका तेव्हा तुऱ्यावर आला होता, कणसं धरू लागली होती. आणि टेकडीवरून माकडं उतरत होती. आपल्याकडची नव्हेत, कुत्र्यासारख्या लांब तोंडाची, मोठी, टोळीने येणारी. बिबीचं शेत अगदी कडेचं, खडकांना लागून, म्हणजे माकडांच्या वाटेवरचं पहिलं. राखण नसली तर एका सकाळीत शेत जातं. शेजाऱ्यांना विचारावं, तर ज्याला त्याला आपलंच शेत राखायचं होतं. तेही हात जोडून उभे होते बिचारे.

"आल्झो, मका काय, पुन्हा लावता येईल," हानेलोरे म्हणाली. "मूल पुन्हा नाही येणार."

मी ते इंग्रजीत सांगितलं. म्वालिमू माझ्याकडे बघत राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "हे सांगू, की राहू दे?"

"राहू दे," मी म्हटलं.

पण बिबीला सूर कळला होता. ती शांतपणे बोलली. म्वालिमू एकेक वाक्य थांबून सांगत गेले. "तिकडे तुम्ही हिला दूध पाजाल. बरं. मग मी हिला घरी आणीन. घरी काय असेल? पाऊस वर्षातून एकदाच येतो. हा मका गेला तर पुढच्या मक्यापर्यंत आम्ही काय खायचं? तुम्ही तर आपल्या देशाला गेलेल्या असाल." आणि रेहेमाला पुन्हा पाठीवर घेऊन ती कापडाची गाठ मारायला लागली.

हानेलोरे ती रंगीत पट्टी पुन्हा पुन्हा गुंडाळत होती. तिचं बरोबर होतं. बिबीचंही बरोबर होतं. आणि त्या दोन बरोबरांच्या मध्ये ते मूल होतं, ज्याच्या पायावरचा खळगा अजून भरला नव्हता.

मी म्हटलं, "मी राखते."

म्वालिमूंनी भाषांतर करायच्या आधीच हसू दाबलं. बिबीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझी पायघोळ सुती पँट, गळ्यातला चष्मा. मग काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, माकडं बायकांना घाबरत नाहीत. आणि ही तर चष्मा लावते."

आता मी काही अगदीच कोरी नव्हते. बार्शीकडे माझ्या मामाची जोंधळ्याची शेती होती. कॉन्व्हेंटला सुट्टी लागली की आम्ही बहिणी तिकडे जायचो आणि मामी आम्हाला माळ्यावर चढवून द्यायची, पाखरं हाकायला. चार बल्ल्यांवर बांधलेला तो माळा वाऱ्याने हले. खाली दुधाळ दाण्यांची कणसं, थंडीत धुरकट हवा, मामीच्या गोफणीचा सणसणाट. माझ्या गोफणीतला दगड नेहमी मागे जायचा. एकदा तो पाण्याच्या घागरीला लागला, तेव्हापासून माझ्या हाती गोफण न देता डबा आणि काठी देण्यात आली. डबा बडवण्यात मात्र मी तरबेज झाले. हे सगळं मी म्वालिमूंना सांगितलं. त्यांनी ते हावभावांसह बिबीला सांगितलं, घागरीसकट. बिबी पहिल्यांदाच हसली. मग शेताकडे बघून तिने मान डोलावली.

दुपारच्या गाडीने ती रेहेमाला घेऊन गेली. निघताना तिने मला शेताच्या कडेने एक फेरी मारून आणलं, कुठल्या खडकावर टोळीचा म्होरक्या बसतो ते दाखवलं, आणि डीटरच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. डीटरचं जाकीटही उतरवायला लावलं. माकडांना पुरुष वाटला पाहिजे.

सई, ओम, साठी उलटलेली तुमची आजी, पोस्टमनच्या जाकिटात, फांद्यांच्या मचाणावर, मांडीवर बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन बसली आहे, असं डोळ्यांपुढे आणा. पहाटे दव इतकं असे की जाकीट ओलं होई. मक्याच्या पानांना धार असते. शेतातून फेरी मारली की हातांवर बारीक रेघा उमटत आणि घामाने चुरचुरत. तुऱ्यांमधून पिवळी पूड झडे, तिचा वास ओल्या पिठासारखा. कणसांचे केस पहिल्यांदा पोपटी, मग गुलाबीसर होत गेले. मी रोज त्यांच्याकडे बघे, आणि तिकडे रेहेमा दूध पीत असेल का, असं मनात येई. दोन्ही गोष्टी कुठे जोडल्या गेल्या कोण जाणे, पण केसांचा रंग पुढे सरकला की मला वाटे, तिकडेही काहीतरी सरकलं असेल.

माणूस जागा आहे हे माकडांना सतत कळायला हवं. म्हणून मी मोठ्याने पाढे म्हणे. आरत्या एका सकाळीत संपतात, पाढे पुरून उरतात. तेराचा, सतराचा, एकोणिसाचा, जाड आवाज काढून. गावातली मुलं जमायला लागली. आठवड्याभरात त्या टेकडीखाली दहा-बारा पोरं 'तेरा दुणे सव्वीस' ओरडत शेताभोवती धावत होती. कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि माकडांनाही नव्हतं.

मग मला व्यवस्थितपणा सुचला. मुलं कधी येत, कधी येत नसत, मध्येच नदीवर पळत. मी ठरवलं की राखणीला शिस्त हवी. सकाळ माझी, दुपार डीटरची, संध्याकाळ हानेलोरेची. मुलांना सांगितलं, शाळेत जा, गोंधळ नको. वेळापत्रक शाळेच्या भिंतीवर लावलं. बाराच्या ठोक्याला मी मचाणावरून उतरे, वाटेत डीटर भेटे, एकमेकांना 'मालत्साइट' म्हणत असू, म्हणजे आता जेवणाची वेळ. मी जेवायला जाई, तो त्याच्या संथ पावलांनी शेताकडे जाई. सगळं इतकं सुरळीत चाललं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

चौथ्या दिवशी डीटर पोचला तेव्हा कोपरा मोकळा झाला होता. ताटं आडवी, कणसं अर्धवट चावून फेकलेली, सगळीकडे सोलपटं. म्होरक्या खडकावर बसून एक कणीस निवांत सोलत होता. डीटर रडवेला झाला. "मी उशीर केला नाही," तो पुन्हा पुन्हा म्हणे. "मी अगदी वेळेवर होतो. गेनाऊ बाराला निघालो."

गेनाऊ, म्हणजे बरोब्बर. तेच माकडांनी ओळखलं होतं.

मोबाईलला रेंज फक्त टेकडीच्या एका दगडावर येई. तिथे चढून मी आजोबांना फोन लावला. ते इकडे एकटे होते, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः रांधत होते. "आज खिचडी तळाला लागली नाही," त्यांनी आधी ती बातमी दिली. मग माझं सगळं ऐकून घेतलं. जन्मभर मोटारींच्या कारखान्यात काढलेला माणूस.

"पहिल्याने जागा कधी सोडायची?" त्यांनी विचारलं.

"बाराला."

"चूक. दुसरा येऊन शेजारी उभा राहिला की. हे कारखान्यात पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. तू शिफ्ट लावलीस आणि मधली फट माकडांना दिलीस."

"अहो, पण आता बिबीला काय सांगू?"

"खरं सांग. आणि ती पोरं होती ना, आरडाओरडा करणारी? त्यांना परत बोलाव. ती कधी येतात ते तुला कळत नव्हतं, तर माकडांना कुठून कळणार?"

मी भिंतीवरचं वेळापत्रक काढलं. शाळा सुटली की पोरं पुन्हा धावायला लागली, कधी लवकर, कधी उशिरा, कधी शेळ्यांसकट. डीटर आणि मी आता एकत्रच जेवत असू, मचाणाखाली. ज्या गोंधळाला मी वळण लावायला गेले होते, तोच गोंधळ मका राखत होता. पुढे तो मोकळा कोपरा वाढला नाही.

रेहेमाच्या बातम्या म्वालिमूंच्या फोनवर येत, तुटक. "पीत नाही." मग दोन दिवस काहीच नाही. त्या दोन दिवसांत हानेलोरे संध्याकाळच्या राखणीला लवकर येऊन बसे आणि उशिरापर्यंत हलेना. मी तिच्या शेजारी बसून राही. मग "नळीने देतात." मग "सूज उतरते आहे." मग एकदा म्वालिमू लांबूनच हात हलवत आले: "नर्सला चावली!" हानेलोरे इतक्या जोरात हसली की खडकावरची माकडं उठून गेली.

सई, तुझ्या प्रकल्पात तुला काय लिहायचं ते तू ठरव. माझ्यापुरतं सांगते. रेहेमाला दूध पाजलं ते नर्सेसनी आणि तिच्या आजीने. मी ती आजी घराबाहेर असताना तिची जागा धरून बसले, गाडीत कुणासाठी रुमाल टाकून जागा धरतो तशी. तेवढ्या वेळात थोडी जागा माकडांनी घेतलीही. ही काही मोठी मदत नव्हे. पण माणसाला आपलं मूल उचलून निघता यावं म्हणून कुणीतरी मागे राहावं लागतं, हे मला त्याआधी कधी इतकं साधेपणाने कळलं नव्हतं. तुम्ही पुण्याला निघालात तेव्हाही मी विमानतळावर रडले नाही, याचं तुमच्या आईला नवल वाटलं होतं.

बिबी परत आली तेव्हा कणसांचे केस तपकिरी झाले होते. पाठीवरची रेहेमा मला आणखीच बारीक दिसली आणि मी हानेलोरेकडे पाहिलं. हानेलोरेने मला कोपराने ढोसलं. "सूज गेली. हे आता तिचे खरे पाय आहेत."

बिबी घरात न जाता आधी शेतात गेली. कडेने चालत त्या मोकळ्या कोपऱ्यापाशी थांबली. मी म्वालिमूंमार्फत सगळं सांगितलं, बारा वाजताचं, डीटरचं, वेळापत्रकाचं. बिबीने आडवी पडलेली दोन ताटं पायाने सरळ केली, ती पुन्हा पडली. "हा कोपरा दरवर्षी जातो," ती म्हणाली. "मी असले तरी जातो." ते खरं होतं की माझ्यासाठी म्हटलेलं, मी विचारलं नाही. डीटरच्या डोक्यावर तिने त्याची टोपी परत ठेवली, जरा तिरकी.

पण घरी आल्यावर रेहेमाने तोंड मिटलं. दवाखान्यातून शेंगदाण्याच्या गोडसर लगद्याच्या पुड्या दिल्या होत्या. तिथे त्या ती नर्सच्या हातून खात असे, इथे कुणाच्याच हातून घेईना. पेज पुढे केली की मान फिरवी. बिबीने स्वतःच्या तोंडात घालून दाखवलं, गाणं म्हटलं, रागावली. मी माठाची भाजी कुस्करून नेली. तिने माझ्याकडे पाहिलं, आता ते डोळे नीट बघत होते, आणि हात मारून वाटी उडवली. सई, तुझीच आठवण झाली.

"बळ आलंय," हानेलोरे म्हणाली, "पण भूक यायला हवी. मुलाला स्वतःहून भूक लागली की ते सुटलं. रविवारपर्यंत नाही खाल्लं, तर परत न्यावं लागेल." म्वालिमूंनी ते सांगितलं. बिबीने टेकडीकडे पाहिलं. परत जायचं म्हणजे पुन्हा शेत सोडायचं, आणि दाणा आता चिकात आला होता, कच्चाही गोड लागेल असा. माकडं रोज अर्ध्या टेकडीपर्यंत उतरत होती. आमचं परतीचं विमानही जवळ आलं होतं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघीच मचाणाच्या सावलीत बसलो होतो, सूप मधे घेऊन, घेवड्याच्या शेंगा सोलत. म्वालिमू नव्हते, त्यामुळे बोलणं नव्हतं. रेहेमा मागे चटईवर झोपली होती. ऊन चढलेलं, वारा पडलेला. एकही पान हलत नव्हतं.

आणि शेताच्या मध्यावर तुरे हलले.

एका रेषेत, हळूहळू, आत आत. वाऱ्याने ते तसे हलत नाहीत, हे एव्हाना मला झोपेतही कळलं असतं. शेंगा सांडल्या, मी उठले, डबा उचलला आणि काठी वर नेली.

बिबीने माझं मनगट धरलं.

ती मागे चटईकडे बघत होती. चटई रिकामी होती.

"म्वाचे," ती म्हणाली. "नी वा न्युम्बानी."

एवढं स्वाहिली मला आलं होतं. राहू दे, घरचं आहे.

आम्ही दोघी श्वास धरून उभ्या राहिलो. तुरे थांबले. मक्यातून कणीस मोडल्याचा काड् असा आवाज आला, मग पानं सोलल्याची खरखर, मग बराच वेळ काहीच नाही.

मग पुन्हा काड्. दुसरं.